क्लॅरीची वर टाचलेली बाही

नॉर्म पिगटचं बंदूक-दुरुस्तीचं दुकान माझ्या बेकरीला लागून. त्यामुळे त्याच्या करवतीची कुरकुर मी वर्षानुवर्षं ऐकत आले. युद्ध संपल्यावर लष्कराच्या थ्री-नॉट-थ्री बंदुका आमच्या बर्क गावात घरोघर झाल्या. वजनाला जड, नळीच्या टोकापर्यंत लाकडात मढवलेल्या. नॉर्म पुढचं लाकूड उतरवायचा, नळी आखूड करायचा, दस्ता घासून गिऱ्हाइकाच्या गालाला बसता करायचा, की झाली कांगारू मारायची हलकी बंदूक. उतरवलेलं लाकूड माझ्या भट्टीत जायचं.

माप घेतल्याशिवाय तो करवतीला हात लावत नसे. गिऱ्हाइकाच्या खांद्याला झाडूचा दांडा लावून उभं करायचा आणि मान, हात, बोटं निरखायचा. फक्त क्लॅरी डोबेलच्या वेळी त्याने हे केलं नाही.

क्लॅरी कांगारूंची कातडी विकून पोट भरायचा. लोकर दाबायच्या यंत्रात त्याचा उजवा हात गेला, तेव्हापासून सदऱ्याची उजवी बाही टाचणीने वर टाचलेली. सिडनीच्या बहिणीने त्याला एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवायची नोकरी ठरवली. एका हाताच्या माणसाला तिकडे हेच काम देतात. वर त्या कामाची पितळी बिल्ल्याची टोपीही पाठवली.

"नॉर्म, बंदूक डाव्या हाताने चालेल असं काहीतरी कर बाबा," क्लॅरी म्हणाला. "नाहीतर जन्मभर बायकांना वरखाली नेत बसेन."

"ठेव तिथे," नॉर्म म्हणाला. झालं बोलणं.

आमच्या गावच्या पुरुषांची ही सभ्यता. ज्याचं अंग गेलं त्याच्या बाहीकडे बघायचं नाही, विचारायचं तर नाहीच. बिअर पाजायची आणि पावसावर बोलायचं. मला या सभ्यतेचा संताप येतो.

अंदाज घ्यायला नॉर्मने स्वतःचाच उजवा हात पाठीशी बांधून घेतला. गाठ मीच मारली. दर गोळीनंतर ओढायच्या बोल्टची मूठ असते उजवीकडे, तिला त्याने लोखंडी कांब जोडली आणि वरून वळवून डावीकडे आणली. काम देखणं होतं.

"त्याला एकदा बोलावून बघ तरी," मी म्हटलं.

"एडी, माणसाला लाज आणायची का?"

"लाज कुणाला वाटतेय ते दिसतंय मला!"

रविवारी गावाबाहेर कुंपणाच्या खांबावर नळी टेकवून क्लॅरीने बंदूक डाव्या खांद्याला लावली. पहिली गोळी सुटली. दुसरी भरायला डावा हात कांबेकडे गेला, तसा दस्ता खांद्यावरून घसरला. पुन्हा केलं, पुन्हा घसरला. शेवटी त्याने बंदूक खाली ठेवली.

"राहू दे. जातो सिडनीला."

नॉर्म आपल्या बुटांकडे बघत राहिला. मला राहवेना. मी सरळ पुढे झाले आणि बाहीची टाचणी उपसली. आत कोपर धडधाकट होतं, त्याच्या पुढे वीतभर हातही होता.

"अरे, कोपर आहे की!" नॉर्म ओरडला.

"मग? खांद्यापासून गेला असं कधी म्हटलं मी?"

"सांगायचंस ना, गाढवा!"

"तू विचारलंस?"

नॉर्मने तिथेच वीत लावून माप घेतलं, त्या थोट्या हाताच्या टोकाला बोटं लावून नीट चाचपलं. क्लॅरीने मान फिरवली, पण हात मागे घेतला नाही. दुकानात जाऊन नॉर्मने ती देखणी कांब कापून टाकली आणि बोल्टच्या मुठीला आतून चामडं लावलेलं कडं बसवलं. थोटा हात कड्यात घालायचा; वर, मागे, पुढे, खाली. डावा हात चापावरून हलायचंच कारण नाही.

उन्हं उतरायच्या आत आम्ही परत कुंपणाशी होतो. क्लॅरीने लांबच्या खांबावर बहिणीने पाठवलेली टोपी चढवली. पहिल्या गोळीने टोपी उडाली. मी ती परत लावून आले. कड्याचा खटखट आवाज झाला आणि दुसरी गोळी बिल्ल्यातून आरपार गेली. मी तर रडलेच.

"बहिणीला काय कळवणार?" नॉर्मने विचारलं.

"टोपी बसत नाही म्हणून."

टोपी अजून नॉर्मच्या दुकानात खिळ्याला आहे. पुढच्याच आठवड्यात लाकडी पायाचा एक मेंढपाळ जुनी बंदूक घेऊन आला. भिंतीपलीकडून मला झाडूचा दांडा काढल्याचा आवाज आला. मग नॉर्म खाकरला.

"बस," तो म्हणाला. "पाय कुठून गेलाय, दाखव."