कपाटाचा पाना

ही गोष्ट मी माझ्या बायकोलाही सांगितलेली नाही. आईबाबांना नाही, कुणा मित्राला नाही; आणि जिला सांगायला हवी होती ती गेल्या महिन्यात तापाने गेली. आता तुम्हाला सांगतो आहे — का, ते मला नीट सांगता येणार नाही. सांगितल्याने काही बदलत नाही एवढं कळतं.

कपाटापासून सुरुवात करतो. कपाटाबद्दल लिहिणं त्यातल्या त्यात सोपं आहे.

माझे बाबा मुंबईच्या गोदीत कामाला होते. तिथला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याने त्यांना आपलं सागवानी कपाट दिलं. ते सगळंच्या सगळं सुटं होत असे — बाजू, पाठ, फळ्या, दारं. फळ्यांचा गठ्ठा होऊनच ते मचव्यातून आमच्या गावी, उलव्याला आलं. ते जोडायला आणि सोडवायला त्याचा स्वतःचा एक लोखंडी पाना होता, वर आडवी मूठ असलेला. बोल्टांची चौकोनी डोकी लाकडात बोटभर खोल बसवलेली. दुसरं कुठलं हत्यार तिथे पोचतच नसे. बाबांनी कपाट जोडलं, पाना तेलाच्या फडक्यात गुंडाळला आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या हातात दिला.

"कपाट तुझ्या लग्नात तुलाच देनार हाय, हिरे. मंग पाना बी तूच सांभाल."

हिराला मी बाय म्हणायचो. बाय शाळेत गेली नव्हती. मी पनवेलला शिकत होतो, मॅट्रिकपर्यंत पोचलेला घरातला पहिलाच. पत्र आलं, कचेरीचा कागद आला, की माझ्यापुढे. वामन म्हणेल ते खरं — घरात असंच चालायचं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते याच्याच जोरावर केलं.

बायचं लग्न खाडीपलीकडे, बेलापूरला ठरलं. सामान आदल्या दिवशी मचव्याने पोचवायचं, म्हणून दोन दिवस आधी कपाट सोडवायला घेतलं. आणि पाना नव्हता. मी हातोडी घेतली, मोठा खिळा घेतला, शेजाऱ्यांची पक्कड आणली. खिळ्याने ठोकून ठोकून तीन बोल्ट फिरवले. बाकीचे जागचे हलेनात. तेव्हा मी पटाशीने भोवतीचं लाकूड पोखरायला लागलो — सुताराचं काम मला काय ठाऊक? उजवी बाजू वरपासून खालपर्यंत तडकली. बाबांनी त्या चिरेवरून अंगठा फिरवला.

बरीच वर्षं मी मनाशी म्हणत आलो की माझी चूक म्हणजे ती चीर. लाकडाचं काय एवढं, तडकतंच. पण ती चूक नव्हे, हे मला तेव्हाही माहीत होतं. अजून थोडं पुढे सरकायला हवं.

पाना कुठे होता? खाडीत होता.

महिनाभर आधी मी तो बायकडून मागून घेतला. कपाट हलतंय, आवळून ठेवतो, असं तिला सांगितलं. मला तो गळाला वजन म्हणून हवा होता. आमच्याकडे शिसं नसलं की हाताला येईल ते लोखंड दोरीला बांधतात. पान्याच्या दांड्याला तर आयतं भोक होतं. ओहोटीला बांधावर बसून एका हातात पुस्तक आणि एका हातात दोरी — मासे मला फारसे मिळत नसत, पण वाचायला एकांत मिळे. दोरी काठच्या तिवरांच्या झाडांच्या मुळांत अडकली. मी पान उलटेपर्यंत थांबलो, मग ओढली, आणि ती तुटून आली. चिखलात उतरून शोधायला हवं होतं. मी उतरलो नाही. कपडे धुतलेले होते.

आता तो कपाट सोडवायचा दिवस. बाबांनी विचारलं, पाना कुठं हाय. बाय सहज म्हणाली, "वामनकडं दिलता."

आणि मी म्हणालो, "मी त्याच दिवशी तुझ्या हातात परत दिला, बाय. तू तांदूळ निवडत होतीस."

तांदूळ! ते कुठून सुचलं मला? नुसतं "दिला" म्हटलं असतं तर ती कदाचित भांडली असती. पण तांदूळ ती रोजच निवडायची. ती माझ्याकडे बघत राहिली — रागाने नाही, आठवायचा प्रयत्न करत. मग स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"मंग आसंल," ती म्हणाली. "माझ्याच हातनं गेला आसंल."

बेलापूरच्या धक्क्यावर सामान उतरलं तेव्हा तडकलेल्या बाजूला काथ्याची दोरी गुंडाळलेली होती. सगळे बघायला लागले. बाबांना लाज वाटली. कसंनुसं हसत ते विहिणीला म्हणाले, पोरीनं पाना हरवला, म्हणून असं झालं.

"बरं झालं, आधीच समजलं," विहीण म्हणाली. "आमच्या कोठीची किल्ली तरी वाचली."

लोक हसले. मीही हसलो.

ती थट्टा नव्हती. पुढे धाकटी सून आली, यमुना, आणि दोन वर्षांत किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला गेला. घरची थोरली सून असून बाय तिच्याकडे तांदूळ मागायची, तेल मागायचं तरी तिच्याकडेच. मी दर दिवाळीला जायचो आणि बघायचो. दर खेपेला ठरवून जायचो, की आज तिला बाजूला घेऊन सांगायचं. किती लागणार होतं? एक वाक्य. मी मास्तर आहे, मुलांना दिवसभर वाक्यंच शिकवतो. फराळ करून परत यायचो.

बायच्या तेराव्याला पंगतीत यमुना वाढत होती. माझ्यापाशी थांबली.

"मास्तर, जाऊबायना मी किती येला किल्ल्या देयाला गेले. सासूबाई गेल्यावर तर त्यांचाच मान व्हता. हात मागं घियाच्या. जत्रंला गेलो तर आपल्या पोराचा हात बी माझ्या हातात देयाच्या. म्हनायच्या, तूच धर गो, माझ्याकडनं हरवंल." ती जरा थांबली. "ल्हानपनापास्नं आशाच व्हत्या का त्या?"

पंगत माझ्याकडे बघत होती. मी शिकलेला, तिचा सख्खा भाऊ; मला माहीत असणार.

"हो," मी म्हणालो. "लहानपणापासूनच."

यमुनाने मान डोलावली आणि माझ्या पानात भात वाढला. तो मी खाल्ला.