माटोळीची आरती

आमच्या यांची आरती वर्षागणिक आखूड कशी होत गेली, ते आमच्या पाळी गावात कुणालाही विचारा. मी त्यांची बायको. मी सांगेन ते जरा तिखटमीठ लावून, पण खोटं नव्हे.

जयराम लग्नाआधीपासून देवाची पदं रचायचे. चवथीला आम्ही गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतो, म्हणजे लाकडी चौकटीला रानातली फळं, शेंगा, पानं टांगायची. यांनी त्या माटोळीवरच आरती केली होती. कांगलांचं एक कडवं, कवंडळाचं एक, कुड्याच्या शेंगांचं एक, अशी लांबलचक! सगळं स्वतः डोंगरावरून आणायचे आणि जे आणलं त्याचंच कडवं गायचे. पोरं पेंगायची, नैवेद्य निवून जायचा. मी म्हणायची, "अहो, देव जेवायचा थांबलाय!"

मग खाण आली आणि डोंगर कापत गेली. यांनीही खाणीचा ट्रक चालवला. आमच्या वाडीतल्या कुठल्या पुरुषानं नाही चालवला? पण रानातली एकेक वस्तू मिळेनाशी झाली, तसं हे एकेक कडवं गाळू लागले. मी म्हटलं, "साखळी गावच्या बाजारात सगळं मिळतं, आणा की." तर म्हणे, "विकतचं टांगून डोंगराचं कडवं म्हणू? देवाला फसवू?" हट्टी माणूस! खाण बंद पडली तोवर कांगलांचं तेवढं उरलं होतं. यंदाच्या पावसात कांगलांचा वेलही दरडीखाली गेला.

चवथीच्या आदल्या दिवशी म्हणाले, "कमलाक्षी, उद्या माझी आरती नको. आता तिच्यात काही उरलं नाही."

या माणसाचं गाणं गेलं तर मागे काय राहील? कोयता घेतला आणि तशीच बाहेर पडले.

डोंगर कुठला! एक भलामोठा खड्डा, आणि शेजारी खाणीची माती ओतून झालेला ढिगारा. गुडघ्यांना शिव्या देत त्याच्यावर चढले. तांबड्या मातीत पिवळी फुलं आली होती, फुगीर शेंगा लागल्या होत्या. हलवून बघितल्या तर आतलं बी खुळखुळलं. घागऱ्या! पायातल्या घुंगरांसारख्या वाजतात, म्हणून हे नाव. कुणी पेरल्या असतील? देवाशिवाय तिथं जातंय कोण!

घरी येऊन त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. यांनी हातसुद्धा लावला नाही. "ह्या डोंगरावरच्या नव्हेत. ढिगाऱ्यावरच्या."

मला असा राग आला! "आणि तो ढिगारा कसला हो? त्याच डोंगराची माती ना? तुम्हीच ट्रकातून नेऊन ओतलीत ना? तुम्ही टाकलीत, देवानं नाही टाकली!"

बोलून गेले आणि जीभ चावली. हे उठले, शेंगा माटोळीला बांधल्या आणि पडवीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आरतीला घर भरलं. आमच्याकडे एकानं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. यांनी झांज हातात घेतली आणि कधी न ऐकलेलं कडवं म्हटलं:

डोंगर पालथा केला मी माझ्या हाती ।
त्याही मातीत तुझ्या घागऱ्या वाजती ॥

ओळ कुणी उचलीना. उचलायची म्हणजे प्रत्येकानं 'मी' म्हणायचं, आणि घरातले सगळे पुरुष त्याच खाणीवरचे. हे एकटेच झांज धरून उभे. मला वाटलं, झालं, हा माणूस आता पुन्हा गात नाही.

तेवढ्यात शेजारचा नारायण, जो खाणीत मशीन चालवायचा, डोळे मिटून म्हणाला, "मी माझ्या हाती." मग त्याचा भाऊ. मग एकेक करून सगळेच.

आम्ही बायका मागे उभ्या होतो. चूल तर आमचीही त्या खाणीवरच पेटली होती. मला रडू आवरेना, पण ती ओळ मीही म्हटली.