पिठावरची खूण

बाबांनी जिथे प्राण सोडला, त्या जागी आत्याने ज्वारीचं पीठ पसरलं, त्यावर दिवा ठेवला आणि टोपली पालथी घातली. आमच्याकडे तशी रीत आहे. सकाळी टोपली उचलायची आणि पिठावर कोणत्या जिवाचं पाऊल उमटलंय ते पाहायचं. माणूस त्या जन्माला गेला, असं समजायचं. माझा यावर विश्वास नव्हता. आत्याचा होता. आपला धाकटा भाऊ चांगल्या ठिकाणी पोचला, एवढं तिला कळायला हवं होतं.

शेवटची दोन वर्षं बाबांना दिसत नव्हतं. आदिलाबादची शाळा सुटली की मी गावाकडे, तामसीला जाणारी बस धरायची आणि संध्याकाळी त्यांना वाचून दाखवायची. शाळेतून आणलेलं समुद्रातल्या प्राण्यांचं पुस्तक त्यांना फार आवडलं. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. सील हा मासा नाही, त्याची मादी पिल्लाला दूध पाजते, हे त्यांना लगेच पटलं. त्याच्या नात्यातल्या समुद्रसिंहाला बाहेर दिसणारे कान असतात आणि तो जमिनीवर चालू शकतो. सीलला कानांची नुसती भोकं, आणि तो पोटावर सरपटतो. त्यांच्याच नात्यातला वॉलरस बर्फात लांब सुळे रोवून स्वतःला पाण्यातून वर ओढतो.

"काठी टेकून उठते म्हन ना, माह्यासारखा," बाबा म्हणाले.

एकदा मी वाचलं, की मासा पुढे निघून गेला तरी पाण्यात त्याची हालचाल उरते. सील ती मिशांनी ओळखतो आणि अंधारातही माग काढतो. बाबांनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"मंग माह्या डोळ्यांसाठी तू काऊन रडून राह्यली?"

मला वाटत होतं, माझं रडणं त्यांना कळत नाही.

सकाळी आत्याने टोपली उचलली. उचलताना टोपलीची कड पिठावरून फरफटली. मी ते पाहिलं. तिने पाहिला तो फक्त रुंद, गुळगुळीत पट्टा.

"पोटावर सरपटलं व काईतरी," ती पिठाजवळच बसली. "साप झाला माहा भाऊ."

कड घासली, असं सांगावंसं वाटलं. मग मी पुस्तक आणलं आणि सीलचं चित्र तिच्यापुढे धरलं.

"आत्या, हाही पोटावरच चालतो."

तिने चित्र डोळ्यांजवळ नेलं. "मिशा तं त्याच्याच हायेत." मग म्हणाली, "बरफात राहते? त्याले तं दोन गोधड्या लागत."

"कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. थंडी नाही वाजत."

"अन् खाते काय?"

"मासे."

गळ्यात तुळशीची माळ घातल्यापासून बाबांनी मासे सोडले होते.

"खाऊ दे," आत्या हळूच म्हणाली. "लहानपनी लय आवडत त्याले."

पुस्तक तिने परत दिलं नाही. ते मांडीवर उघडंच ठेवून ती एका हाताने पीठ गोळा करू लागली.