सापाला लावलेलं कापराचं तेल

आयर्लंडमध्ये साप नाहीत. रानात नाहीत, बागेत नाहीत, पावसाळी गवतात नाहीत. ज्या देशात जन्मात कधी साप आडवा जायचा नाही, तिथे येऊन माझ्या नवऱ्याने तो विकत आणला. लेकीच्या चौदाव्या वाढदिवसाला. नारिंगी रंगाचा, दोन हात लांब, कॉर्न स्नेक जातीचा. "बिनविषारी आहे गं, एकदम गरीब," असं तो मला सांगत होता, पण स्वतः त्याला बोट लावत नव्हता. मला कुणी विचारलंच नव्हतं.

डब्लिनजवळच्या नावन गावातल्या आमच्या घरात हॉलमधला सगळ्यात उबदार कोपरा त्याच्या काचेच्या पेटीला मिळाला. आम्ही स्वेटर घालून बसायचो आणि त्याच्या डोक्यावर बारा महिने दिवा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते उगाच नाही. माझ्या फ्रीजरमध्ये मटारच्या पाकिटाशेजारी गोठलेले उंदीर आले. मी जेवढं बोलायचं तेवढं बोलले, मग बोलणं सोडलं. पेटीजवळून जाताना मी तिकडे बघायचीसुद्धा नाही.

जूनमध्ये लेक तीन आठवडे पश्चिम किनाऱ्यावर आयरिश भाषा शिकायला गेली. इथली बरीच मुलं जातात. तिथे दिवसभर आयरिशच बोलायची, मोबाइल जमा करायचा, आणि रविवारी घरी एकच फोन. निघताना तिने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, बाबा इज स्केअर्ड ऑफ हिम. यू माइंड हिम, ओके? प्रॉमिस?"

"हो गं, सांभाळेन," मी मराठीत म्हटलं. तिने मला मिठी मारली. कित्येक महिन्यांनी.

चौथ्या दिवशी साप पाण्याच्या भांड्यात जाऊन बसला तो उठेचना. दुपारी मी पाणी बदलायला घेतलं तर तळाशी मिरपूड सांडावी तसे काळे ठिपके. पांढऱ्या टिश्यूने त्याची पाठ पुसली, तर टिश्यूवरचे ठिपके चालायला लागले. हनुवटीखाली, डोळ्यांच्या कडेला, खवल्यांच्या फटीत, सगळीकडे. नवऱ्याने डब्लिनच्या क्लोनडॉकिन भागातून कुणाचा तरी वापरलेला ओंडका स्वस्तात आणून पेटीत ठेवला होता. त्यातून ही पिलावळ आली. आधी साप, आता सापाच्या उवा! मला दया वगैरे काही आली नाही. किळस आली.

डब्लिनमध्ये सरपटणारे प्राणी बघणारी एक डॉक्टरीण आहे. तिच्या दवाखान्यातली बाई फोनवर म्हणाली, "गुरुवारी आणा. तोवर पेटी रिकामी करून किचन पेपर घाला. कोमट पाण्यात बसवा. अँड डोन्ट बी पुटिंग एनिथिंग ऑन हिम, आर यू विथ मी?"

मी स्वतः डॉक्टर. नागपूरला शिकले, आज इतकी वर्षं इथल्या सरकारी हॉस्पिटलात काम करते. आणि ही फोन उचलणारी मला सांगणार! नवऱ्याने दुकानातून आणलेल्या फवाऱ्याच्या बाटलीवरचं मी सगळं वाचलं: पाण्याचं भांडं बाहेर काढा, डोक्यावर मारू नका, पेटी पूर्ण वाळून हवा खेळल्यावरच प्राणी आत सोडा, थरथर किंवा तोल गेल्याचं दिसलं तर ताबडतोब डॉक्टर गाठा. हे औषध की विष? म्हटलं, एवढं जालीम काही नको, आपलं घरचंच बरं.

लेक प्राथमिक शाळेत होती तेव्हा दर दोन महिन्यांनी उवा घेऊन यायची. मी खोबरेल तेल कोमट करायचे, त्यात कापराच्या वड्या विरघळवायचे, केसांना चोपडायचे आणि वर घट्ट फडकं बांधायचे. माझ्या आईने माझ्या डोक्याला तेच केलं होतं. तेच मी सापाला केलं. देवघरातल्या डब्यातून चार वड्या घेतल्या. मंगळवारी मला सुट्टी होती, नवरा डब्लिनला, सँट्रीच्या ऑफिसात. कापसाच्या बोळ्याने हनुवटीपासून शेपटीपर्यंत चोळलं, पहिल्यांदाच त्याला इतका वेळ हातात धरून. मग त्याला प्लास्टिकच्या डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. भोकं होती झाकणाला, तेवढी अक्कल होती.

तासाभराने बघितलं तर त्याने मान मागे टाकली होती, छताकडे बघत. तोंड उघडं, कडेने लाळ. अंगातून बारीक थरथर पुढून मागे जात होती. मी त्याला उताणा केला. धडधाकट साप क्षणात पालथा होतो, हे लेकीने मला शंभरदा सांगितलं होतं. हा पांढरं पोट वर करून तसाच पडून राहिला.

मला कळायला एक सेकंदसुद्धा लागला नाही, हेच तर वाईट. नागपूरला इंटर्न असताना देवापुढचा कापूर खाल्लेलं दोन वर्षांचं पोर झटके देत माझ्यासमोर आलं होतं. त्याच्या आईला मी सगळ्या वॉर्डादेखत झापलं होतं, कापूर विष आहे एवढं कळत नाही का म्हणून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

खिडक्या उघडल्या. नुसत्या पाण्याने तेल जाईना, म्हणून भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब कोमट पाण्यात टाकून धुतलं, डोकं पाण्याबाहेर उचलून धरत. पुन्हा धुतलं. मग चांगल्या पाण्याने पुन्हा. मी त्याच्यावर खेकसत होते, "मरू नकोस, मेल्या, आत्ता मरू नकोस." त्याला टॉवेलात गुंडाळून गाडीत घातलं आणि डब्लिनला निघाले.

डॉक्टरीण माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असेल. तिने वास घेतला आणि विचारलं, काय लावलंत?

"कोकोनट ऑइल," मी म्हणाले.

"अँड व्हॉट एल्स?"

हा प्रश्न मी रोज विचारते. पेशंट खाली बघून उत्तर देतात, तेव्हा मला त्यांचा राग येतो. मी खाली बघून उत्तर दिलं.

ती मला ओरडली नाही. मी डॉक्टर आहे हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. साप दोन दिवस तिच्याकडे राहिला आणि जगला. परत देताना तिने उवांवर उपचार करून दाखवला: औषध कापडावर घेऊन त्याने अंग पुसायचं, तोंड वगळून. पेटी फवारून वाळू द्यायची, मग साप आत, पाणी सगळ्यात शेवटी. आणि नंतरचे काही तास जागचं हलायचं नाही, थरथर दिसते का, उताणा केला तर पालथा होतो का, ते बघायचं. बाटलीवर नेमकं हेच लिहिलेलं होतं. मी पेटीसमोर खुर्ची टाकून बसले. तो दर वेळी पालथा झाला.

रविवारी फोन आला. "हाऊ इज ही?"

"ग्रँड," मी म्हणाले. मजेत आहे म्हणायचं तर इथे ग्रँड म्हणतात.

ती आली त्या दिवशी मी बसपासून घरापर्यंत गाडीत सगळं सांगितलं. नवरा म्हणत होता, जगलाय ना, कशाला सांगतेस. पण तिच्या मिठीनंतर मला ते पोटात ठेवणं जमेना. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती.

"डिड यू वॉन्ट हिम टू डाय?"

मी खरं बोलायचं ठरवलं होतं. म्हणाले, "तो घरात नको होता मला, पहिल्या दिवसापासून. पण मारायचं म्हणून नाही गं लावलं."

"दॅट्स नॉट अ नो, आई."

मी गाडी दारात उभी केली, ती बॅग घेऊन आधी उतरली.

त्याच संध्याकाळी तिने पेटी, दिवा, उंदीर सगळं उचलून मैत्रिणीच्या घरी हलवलं. दोन गल्ल्या पलीकडे. हॉलचा कोपरा रिकामा झाला, फ्रीजर माझा झाला. वर्षभर मी जे मागत होते ते मिळालं. शाळा सुटली की ती आता आधी तिकडे जाते. बहुतेक दिवशी मैत्रिणीच्या आईचा मेसेज येतो, शी इज ग्रँड, शी विल हॅव हर डिनर विथ अस. मी थँक यू लिहिते आणि दोघांपुरता कुकर लावते.