सायलेन्सर बदलल्यानंतर

पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाने गाडीला बाजारातला सायलेन्सर बसवू नये. बसवलाच तर निदान घरी आई असू नये, आणि असलीच तर ती भूकंपाच्या ढिगाऱ्यातून निघालेली असू नये. माझ्या बाबतीत सगळंच जुळून आलं.

हौस म्हणाल तर तीही नव्हती. मी शिकवणीवर्गांत भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या क्लासची नांदेडला शाखा निघाली तेव्हापासून अर्धा आठवडा लातूर, अर्धा नांदेड. तेच धडे, तीच गणितं, दरवर्षी नवी पोरं आणि त्यांचे तेच घाबरलेले आईबाप. अहमदपूर-लोह्याच्या रस्त्याने येऊन-जाऊन मोटारसायकलचा कंपनीचा सायलेन्सर गंजला आणि एका खड्ड्यात त्याचा जोडच तुटला. तसलाच नवा यायला वेळ लागणार होता. गॅरेजवाल्याकडे मोकळ्या तोंडाचा, कॉलेजातली पोरं लावतात तसला एक पडला होता. ‘हा टाकू का?’ म्हणाला. मी मान हलवली. सहा तास ओरडून झाल्यावर माझ्यात मान हलवण्यापुरतीच ताकद उरते.

शनिवारी संध्याकाळी लातूरला गल्लीत शिरलो, थ्रॉटल सोडला आणि गाडीने फाट्‌ फाट्‌ असे दोन-तीन बार काढले. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आई, अनवाणी, पदर सुटलेला, ‘भाईर पळा, भाईर पळा’ असं ओरडत अंगणात. तिने आधी माझा दंड धरून मला गाडीवरून ओढलं, मग घरात बायकोला हाका मारायला लागली. समोरच्या होस्टेलच्या गच्चीवरून एक पोरगा ओरडला, ‘सर, कडक!’ त्याला मी मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.

भांडं पडलं ते आईच्या उशाजवळचं. आमचं गाव औशाच्या पुढचं. भूकंपात ते गेलं, वडील गेले. मी तेव्हा बारावीच्या क्लाससाठी लातूरला खोली करून होतो म्हणून वाचलो. त्यानंतर कितीतरी वर्षं आई छताखाली झोपलीच नाही. पुनर्वसनातल्या घरापुढे बाज टाकायची, माझ्याकडे आली तरी अंगणातच. बायकोने गोडीगुलाबीने, रागावून, रडून तिला आतल्या खोलीत आणलं ते दोन अटींवर. दार उघडं राहील, आणि उशाशी ताटात उपडा तांब्या अन्‌ त्यावर पेला राहील. जमीन हलली की पेला पडतो, पेला पडला की जाग येते. आमच्या भागातल्या पुष्कळ घरांत ही रीत अजून आहे. शहरातली माणसं हसतात, हसू देत.

त्या संध्याकाळी आईने स्वतः बाज बाहेर ओढली. थंडीचे दिवस, तिला दमा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, थंडीत उघड्यावर नको, एखाद्या दिवशी श्वास परत येणार नाही. मी सांगून पाहिलं, आई, गाडी होती. ती म्हणाली, ‘हाव, गाडी व्हती,’ आणि घोंगडी कानावर घेतली. नंतर मी गाडी कोपऱ्यावर बंद करून ढकलत आणायला लागलो, तर कोपऱ्यावरचे बार तिला ऐकू जायचेच. रोज सकाळी तिची छाती वाजत असायची, आणि बायको माझ्याकडे पाहायची.

कंपनीचा सायलेन्सर काही येईना. शेवटी नांदेडमध्येच एकाने सांगितलं, नुसता सायलेन्सर बदलून चालत नाही, गाडीचा मॅप, म्हणजे तिच्या कॉम्प्युटरमधला पेट्रोलचा हिशेब, बदलावा लागतो. ते काम करणारा माणूस तिशीचा होता. घराण्याचा धंदा रेडिएटर जोडण्याचा, याने त्याच दुकानात लॅपटॉप मांडला होता. गाडी पाहून म्हणाला, ‘सर, पाईप मोकळा झाला ना, हवा फटाफट निघून राहिली. अन्‌ गाडीचा कॉम्प्युटर अजून जुन्याच अंदाजानं पेट्रोल देऊन राहिला. उपाशी चालून राहिली गाडी. थ्रॉटल सोडला की उरलंसुरलं गरम पाईपात जाऊन पेटतं. म्हणून फटाके.’

मी म्हटलं, ‘फटाके बंद पाहिजेत. एकसुद्धा नको.’

तो हसायला लागला. ‘पोरं येतात ना सर, म्हणतात भाई, अजून वाजव. विझवायला आलेले तुम्ही पहिलेच.’

मी त्याला आईचं सांगितलं. त्याचं हसू गेलं. पाईपात त्याने एक सेन्सर बसवला, वायर लॅपटॉपला जोडली आणि लॅपटॉप पोटाशी धरून माझ्या मागे बसला. मुदखेडच्या रस्त्याला लागलो. ‘हां सर, आता चौथ्यात. अर्धा थ्रॉटल. धरून ठेवा. आता सोडा.’ गाडी फटफटली की तो मागे पुटपुटायचा, मग कडेला थांबून आकडे बदलायचा. कुठल्या वेगाला किती पेट्रोल, हे सगळं त्या पडद्यावर चौकोनाचौकोनांत मांडलेलं होतं. आम्ही किती वेळा गेलो-आलो ते आठवत नाही. रसवंतीवाला आम्हाला ओळखायला लागला. दुपार कलली आणि एका फेरीला थ्रॉटल सोडला तर गाडी नुसती हळू झाली. आवाज नाही. वर त्याने सायलेन्सरच्या तोंडात आवाज दाबणारी एक जाळीची नळीही बसवली. ‘आता अम्मीला सांगा, निवांत झोपा म्हणावं.’

त्या आनंदात मी लातूरपर्यंत एकदाही चिडलो नाही. लोह्याच्या उतारावर मुद्दाम थ्रॉटल सोडून पाहिला. गल्लीत शिरलो तर होस्टेलच्या पोरांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. दिवेलागणीची वेळ होती. आई बाजेवर लसूण सोलत बसली होती. गाडी पार तिच्याजवळ नेऊन बंद केली, तेव्हा तिने मान वर केली.

‘बघ,’ मी म्हटलं, ‘आवाज पार बंद केला. आता बाज आत घेऊ.’

तिने गाडीकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘लेका, आवाज बंद झाला म्हणूनच तर आत झोपलो व्हतो.’

मला कळलं नाही. ती लसूण सोलता सोलता सांगत राहिली. भूकंपाच्या आदल्या साली जमीन लई गुरगुरत होती. सगळं गाव बाहेर झोपायचं, हे मला माहीत होतं. मग हळूहळू गुरगुर थांबली. लोक म्हणाले, झालं, थंड झाली. आई तरीही बाहेरच झोपायची. ‘तुझा बाप म्हनला, किती दिस कुत्र्यावानी भाईर पडायचं? आता काय आवाज बी न्हाई. म्या म्हनलं, बरं. म्याच हातरुनं आत नेली.’

इतक्या वर्षांत हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. ‘आवाज असला की जाग ऱ्हाती,’ ती म्हणाली. ‘तू गाडी दुरुस्त केलीस, चांगलं केलंस. पन मला आत न्हाई झोपायचं आता.’

मला तिचा राग आला, गाडीचा आला, त्या सबंध दिवसाचा आला. मग नुसतं रडू आलं, आणि तेही पुरतं रडण्याइतका जीव अंगात नव्हता. बायको दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या घेऊन आली. मी जुनी ताडपत्री शोधून बाजेवर वारा अडेल अशी बांधली. मग दुसरी बाज बाहेर काढली आणि आईच्या बाजेला लावून टाकली, तिचा श्वास मला ऐकू येईल एवढी जवळ.