लाल कॅप्सूल मातकट दिसू लागली

"ही गोळी बदललीय. रोजची लाल असती, ही मातकट हाय. आमी न्हाई खायची."

टीबी वॉर्डातून तिसऱ्यांदा तक्रार आली, तेव्हा मी बाटली घेऊनच वर गेलो. परभणी जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात मी फार्मासिस्ट होतो. लोक कंपाउंडर म्हणत. आधीच्या दोन तक्रारी मी हसण्यावारी नेल्या होत्या.

तक्रार करणारे शिवलिंगअप्पा पालमचे कापड दुकानदार. तीन महिन्यांपासून टीबीची औषधं चालू. खोकल्यातून रक्त पडलं म्हणून ॲडमिट झालेले. मी कॅप्सूल त्यांच्या तळहातावर ठेवली.

"अप्पा, तीच बाटली, तोच रंग."

त्यांनी ती खिडकीशी धरली. "साहेब, तीस वर्सं खण विकायलोय. लाल कशाला म्हणतात ते मला सांगू नका."

मी थबकलो. हा माणूस रंगात चुकणारा नव्हता. कॅप्सूलही बदललेली नव्हती. मग राहिले डोळे.

शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. "अप्पा, मावशींच्या लुगड्याचे काठ कोणत्या रंगाचे?" मी विचारलं.

"तेबी मातकटच."

"अवो, हिरवेगार हायत की! तुमीच तर आणलं दुकानातून," मावशी हसत म्हणाल्या आणि काठ अप्पांच्या डोळ्यांजवळ नेला.

टीबीच्या औषधांत या लाल कॅप्सूलबरोबर इथॅम्ब्युटॉल नावाची दुसरी गोळी असते. क्वचित ती डोळ्याच्या नसेला इजा करते. आधी लाल-हिरव्यातला फरक कळेनासा होतो, मग नजरच जाऊ लागते. हे मी फक्त पुस्तकात वाचलं होतं.

डॉक्टर राउंडवर होते. मी त्यांना माझी शंका सांगितली. "अशक्तपणा असेल हो. टीबीची गोळी अशी बंद करता येत नाही."

"सर, एकदा तपासा तरी."

त्यांनी पेपर उघडून अप्पांसमोर धरला. मोठा मथळासुद्धा वाचता येईना.

"कधीपासून असं?"

"पंधरा दिवस झाले. वयामुळं असंल म्हणून बोललो न्हाई."

डॉक्टरांनी केसपेपरवरचं इथॅम्ब्युटॉल खोडलं आणि दुसरं औषध लिहिलं. दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांनीही तेच निदान केलं.

पहिला महिनाभर काहीच फरक नव्हता. अप्पा तोंडावर पांघरूण ओढून पडून असत. तिसऱ्या महिन्यात लाल-हिरवं ओळखू आलं. टीबी बरा झाला, ते पुन्हा दुकानात बसू लागले. बारीक अक्षर मात्र कायमचं गेलं.

पहिली तक्रार तिसरीच्या आठ दिवस आधी आली, तेव्हा मी जागेवरून उठलोसुद्धा नव्हतो. ते आठ दिवस वाया गेले ते माझ्यामुळे. पुढे औषध बदलल्याची तक्रार आली, की मी आधी पेशंटकडे जायचो.