माफी नको, पावती द्या

केबलचं बिल वर्षभरात तिसऱ्यांदा वाढलं तेव्हा मी टीव्हीला जोडलेला डबा परत द्यायचं ठरवलं. घरात कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळे नको म्हणाले असते, आणि मग त्यांचा शब्द मोडून मला तेच करावं लागलं असतं. त्यापेक्षा न विचारलेलं बरं.

आधी असं नव्हतं. शेजारच्या शिरवणे गावचा एक गडी आमच्या जुईनगरच्या बिल्डिंगांना केबल द्यायचा. तिथलाच मूळचा, बापाची भातखाचरं या शहराखाली गेली, त्यातून आलेल्या पैशात यानं दुकान काढलं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्वतः यायचा, दारात चपला काढायचा, चहा प्यायचा, पैसे घ्यायचा. वाढवून हवे असले की दोन महिने आधीपासून त्याची कुरकुर सुरू. काका, वायर महागली. मी म्हणायचो, चहापत्ती पण महागली. असं करत करत एक आकडा ठरायचा. त्यात भांडण असायचं, पण आकडा दोघांचा असायचा.

मग त्याला एका कंपनीनं आत घेतलं. दुकान तेच, पाटी नवी. घरात काळा डबा आला आणि टीव्ही, नेट, घरचा फोन असं सगळं एका बिलात आलं. घरच्या फोनला कुणी हात लावत नव्हतं. तो काढून टाका म्हणालो, तर कंपनीवाले म्हणाले, काढला तर बिल आणखी वाढेल. कमी घेतलं तर जास्त पैसे. हा हिशेब माझ्यासारख्या तिसरीतनं शाळा सोडलेल्याला कळला नाही ते ठीक, पण माझ्या इंजिनियर मुलालाही तो मला समजावून देता आला नाही. तो नुसता म्हणाला, "आबा, असंच असतं आता."

असंच असतं, हे मी ऐकून घेणारा नाही. मी चाळीस वर्षं मार्केटात पाठीवर गोण्या वाहिल्या. आमच्या टोळीत चौदा जण, सगळे सातारच्या बाजूचे, शेजारशेजारच्या गावांतले. गोणीमागं मजुरी वाढवून हवी असली तर आम्ही व्यापाऱ्याला आधी सांगायचो, त्याच्या गाळ्यासमोर बसायचो, तो चिडायचा, आम्ही चिडायचो, आणि ठरेपर्यंत ट्रक भरलेला उभा राहायचा. पण माल अर्धा उतरवून झाल्यावर दर वाढला, असं आम्ही एकदाही केलं नाही. तसं करणाऱ्याला टोळीत कुणी ठेवलं नसतं. कंपनी मात्र महिना संपल्यावर मेसेज पाठवते. त्यात नमस्कार असतो, आभार असतात आणि वाढलेला आकडा असतो. बसायचं कुणासमोर?

म्हणून मी वायर सोडवली, नीट गुंडाळली, डबा पुसला, रिमोट घेतला आणि चालत शिरवण्याला गेलो. काउंटरवर एक मुलगी होती. तिला मी सगळं बोलून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं, तिचा काही दोष नव्हता. मी डबा काउंटरवर ठेवला. ती म्हणाली, काका बसा जरा, मशीन हळू चाललंय, पावती काढून देते.

आणि इथं मी चुकलो. चूक माझीच, ती लपवत नाही. आमच्या धंद्यात गोणी वाहणारा पावती मागत नाही. मोजायला मुकादम उभा असतो. गोणी थप्पीला लागली की वाहणाऱ्याचं काम संपलं; त्यानं चिठ्ठी मागितली तर समोरच्याला वाटतं, ह्यो माझ्यावर संशय घेतोय. चाळीस वर्षांत ती सवय हाडात गेली. मी त्या मुलीला म्हणालो, पावती काय करायची, ठेवला म्हणजे ठेवला. आणि निघालो. रस्त्यानं येताना मान अशी ताठ होती की भाजीवाल्यानं विचारलं, कुठं सत्कार होता का.

घरी बायकोनं रिकामी फळी बघितली आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिची संध्याकाळी सातची मालिका गेली होती. मुलानं नेटसाठी मोबाईलवर काहीतरी सोय केली. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

महिन्यानं मेसेज आला. बिल चालूच, वर डब्याची किंमत. डबा जमा नाही, असं त्यात लिहिलेलं. मुलानं फोन लावला. पलीकडं हिंदी बोलणारी बाई, फार गोड. सिस्टीममध्ये दिसत नाही म्हणाली. मी फोन घेतला आणि तिला सांगितलं की मी माझ्या हातानं ठेवलाय. ती म्हणाली, पावतीचा नंबर सांगा. पुढचे फोनही असेच. दर वेळी नवी बाई, तोच गोडवा, तोच नंबर मागणं. मी शिरवण्याला गेलो तर ती मुलगी काम सोडून गेलेली. दुकानातला गडी, आपला जुना केबलवाला, मान खाली घालून म्हणाला, "काका, मना ठाव हाय तुमी खोटा बोलनार नाय. पन कंपनीला कोन सांगल? आता मी पन इथं नोकरच हाय."

तोवर मला राग होता, पण तो पैशाचा राग होता. त्याचं रूप बदललं ते एका रविवारी. वसुलीचा माणूस आला. आमचा जिना अरुंद, एका मजल्यावर चार दारं, रविवारी सगळी उघडी. तो आत आला नाही. जिन्यातच उभा राहून, मोठ्या आवाजात, फार समजुतीनं म्हणाला, "आजोबा, घरात कुठं असेल तर देऊन टाका. वयात विसरायला होतं. आम्ही काही करणार नाही."

तिन्ही दारांत माणसं होती. एकीनं पोराला आत ओढलं.

तुम्हाला सांगतो, माझ्या पाठीवरून किती माल गेला त्याची गणती नाही. काजू गेला, वेलची गेली, साखर गेली. गोणीला भोक असायचं, खाली सांडायचं. आमच्यातल्या कुणी चिमूटभर तोंडात टाकली तर मुकादम त्याला सगळ्यांदेखत बाजूला उभा करायचा. मी एकदाही उभा राहिलो नाही. आणि म्हातारपणी एका प्लास्टिकच्या डब्यापायी मला माझ्याच जिन्यात उभं केलं.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, भरून टाकू. तो वाईट नाही. त्याला माझी झोप गेलेली दिसत होती. म्हणाला, "आबा, टेन्शन कशाला? मोबाईलवर दोन मिनिटांत भरतो. संपलं."

मी म्हणालो, "तू भरलास की तुझ्या बापानं डबा चोरला, हे तुझ्या सहीनं पक्कं झालं. भर मग."

त्यानं मोबाईल खिशात ठेवला. त्या दिवसापासून घरात तो विषय कुणी काढेना, आणि ते मला जास्त लागलं. न बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे ते कसं कळणार?

बायको मालिका बघायला दोन बिल्डिंग सोडून जायला लागली होती. तिथं माझा मार्केटातला जोडीदार राहतो. गोणी एकट्यानं पाठीवर घेता येत नाही, चढवून देणारा लागतो. तो माझा चढवून देणारा. त्यांचा जुना डबा बिघडला होता आणि नुकताच दुकानातून बदलून दुसरा मिळाला होता. एका संध्याकाळी बायको मालिका अर्धी टाकून परत आली. दारातच म्हणाली, "अवो, आपला डबा त्यांच्या घरात हाय."

"कुठला आपला?"

"कुठला म्हंजे? तुमी परत दिला म्हनता त्यो."

म्हणता. चाळीसेक वर्षं संसार केलेल्या बाईच्या तोंडून ते आलं. मी गिळलं. म्हणालो, सगळे डबे सारखेच असतात.

"डबं सारखं असत्याल. माझी उदबत्ती सारखी न्हाई."

मग मला आठवलं. आमचा डबा देवांच्या फळीखाली होता. एकदा वरून उदबत्ती पडली आणि झाकणाचं प्लास्टिक करंगळीच्या नखाएवढं वितळलं. तिनं ते लिंबू लावून घासलं होतं, माझ्या लक्षात येऊ नये म्हणून. डाग गेला नाही, वर सगळा भाग पांढरट झाला. मी चपला घातल्या आणि तसाच गेलो. जोडीदाराची बायको मालिका बघत होती. मी टीव्हीखाली बसलो आणि डब्यावर बोट फिरवलं. वितळलेली कड बोटाला लागली. खालचा नंबर बघायला डबा उलटा केला तर टीव्ही बंद होईल म्हणून तिनं मला तसाच बसवून ठेवला, मालिका संपेपर्यंत. पंधरा मिनिटं मी हात डब्यावर ठेवून बसलो होतो. जोडीदार म्हणाला, "पळून जातोय काय त्यो? काढ की हात."

सकाळी आम्ही दोघं डबा घेऊन शिरवण्याला गेलो. डबा जोडीदारानं छातीशी धरलेला, कारण त्याला घरून बजावलं होतं, सातच्या आत परत आणा. दुकानात त्या दिवशी कंपनीचा साहेब आला होता. मुलाच्या वयाचा, काचेच्या खोलीत. बिलाच्या तक्रारी घेऊन आठ-दहा माणसं बाहेर खुर्च्यांवर होती. डब्याखाली नंबर असतो. माझं जुनं बिल मी नेलं होतं. आमच्या केबलवाल्यानं दोन्ही नंबर मोठ्यानं वाचले, एक एक आकडा. जुळले. मग मशीन बघितलं. एका यादीत तो डबा माझ्याकडं होता, दुसऱ्या यादीत जोडीदाराच्या घरी. एकच डबा एका वेळी दोन घरांत. काउंटरवरच्या मुलीनं तो मागच्या फळीवर ठेवला असणार, मशीन हळू म्हणून नोंद राहिली असणार, आणि पुढं कुणीतरी उचलून जोडीदाराला दिला असणार. ते त्यांनीच सांगितलं, मी विचारलंही नाही.

साहेब समजूतदार निघाला. मला आत बोलावलं, पाणी दिलं. म्हणाला, "आजोबा, सॉरी. सगळी रक्कम माफ करून टाकतो. आता खूश?"

जोडीदार उठायला लागला. मी त्याचा शर्ट धरून खाली बसवला.

"माफी चुकलेल्याला देतात," मी म्हणालो. "मी डबा दिलाय. दिला, असं लिहून द्या."

तो म्हणाला, रक्कम शून्य झाली की विषयच राहत नाही. मी म्हणालो, तुमचा राहत नसेल. तो म्हणाला, मागच्या तारखेची पावती सिस्टीममधून निघत नाही. मी म्हणालो, मग हातानं लिहा, मशीन यायच्या आधी लोक हातानंच लिहीत होते. तो म्हणाला, तसं आमच्यात चालत नाही. मी खुर्चीत मागं टेकून बसलो. खुर्ची चांगली होती, पंखा होता. भरलेल्या ट्रकसमोर उन्हात बसलेला माणूस मी, मला पंख्याखाली बसायला काय होतंय? बाहेरच्यांचे कान आतच होते. एक बाई दारापाशी येऊन म्हणाली, यांचं झाल्याशिवाय आमचं घेऊ नका, आम्हाला पण बघायचंय काय लिहिताय. मग आणखी दोघं दारात आले.

साहेबानं केबलवाल्याकडं बघितलं. तो म्हणाला, "लिवून द्या साहेब. यो मानूस उठाचा नाय. मी याच्या घरी वीस वरसं पैसं मांगाला गेलोय."

मग कागद आला. त्यावर दुकानाचं नाव होतं. केबलवाल्यानं त्याच्या हातानं लिहिलं की डबा, रिमोट आणि वायर मी स्वतः आणून दिली होती, नोंद करायची राहिली ती दुकानाची चूक, माझ्याकडं काही बाकी नाही. साहेबानं सही केली, शिक्का मारला. मी तो परत वाचून घेतला, बोट ठेवून, सावकाश. तिसरीचं वाचन आहे, वेळ लागतो. सगळे थांबले. जाताना साहेब म्हणाला, जुन्या दरात पुन्हा कनेक्शन देतो, सहा महिने. मी विचारलं, सातव्या महिन्यात काय? तो हसला. मी नाही हसलो. डबा जोडीदाराकडंच राहिला, मी दुसरा घेतला नाही. बायको अजून दोन बिल्डिंग सोडून जाते आणि त्यावरून मला बोलते. ते मी ऐकून घेतो, तिचा हक्क आहे.

त्याच संध्याकाळी मी जिन्यातली तिन्ही दारं वाजवली. पहिल्या दारात म्हणाले, काका, आम्हाला माहीतच होतं. मी म्हणालो, माहीत असलं तरी वाचा. त्यांनी वाचलं. दुसरीकडं ज्या बाईनं पोराला आत ओढलं होतं, तिनं ते त्या पोराकडूनच मोठ्यानं वाचून घेतलं. मला बरं वाटलं. तिसऱ्या दारातला माणूस कुठल्याशा बँकेत आहे, एरवी मान हलवण्यापलीकडं बोलत नाही. त्यानं कागद दोनदा वाचला, शिक्का निरखला, आणि आत जाऊन स्वतःचं बिल घेऊन आला. त्यात त्यानं कधी न मागितलेल्या पंधरा वाहिन्या होत्या.

म्हणाला, तुम्ही येता का बरोबर?

मी म्हणालो, येतो, पण बोलायचं तुम्ही. मी नुसता शेजारी बसणार. आणि सुट्टी पूर्ण दिवसाची टाका.